तेवीस गतिरोधक आणि एक लाल गाडी

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रस्त्यात उंच गतिरोधक आला की वाघोलीची ती केस आठवते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, अपघाताचा साधा गुन्हा होता. पण माझी मलाच लाज वाटावी असे जे दोन-चार प्रसंग नोकरीत आले, त्यातला तो एक.

सकाळी साडेआठची वेळ होती. कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मोटारीने सत्तरीच्या एका शेतकरी आजोबांना उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. आजोबांच्या डोक्याला मार लागला, पाय मोडला, शुद्ध हरपली. समोरच्या चहाच्या टपरीवाल्याने जबाब दिला, की लाल गाडी होती, मोठा आवाज करत गतिरोधकावरून सरळ सुसाट आली आणि तशीच गेली. नंबर त्याला दिसला नव्हता. शेजारच्या दुकानाला कॅमेरा होता, पण त्याचं तोंड दुकानाच्याच शटरकडे होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. "लाल स्पोर्ट्स कार होती, मी स्वतः पाहिली. नंबर घ्या," असं म्हणून एकाने अख्खा नंबर सांगितला आणि फोन ठेवला. असा आयता नंबर मिळाला की पोलीस खूश होतो. धावपळीत या माणसाला एवढा नंबर पाठ कसा राहिला, हे तेव्हाच स्वतःला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे एव्हाना बड्या बापाचा एक उनाड मुलगा उभा राहिला होता.

पत्ता निघाला नारायण पेठेतला. हवालदाराला घेऊन गेलो. दार उघडलं ते सत्तावन्न वर्षांच्या, सुती साडीतल्या बाईंनी. समोरच्या कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती आणि बाकी सगळीकडे पुस्तकं. बाई वाघोलीच्या कॉलेजात ग्रंथपाल होत्या, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं.

"गाडी कोण चालवतं?" मी विचारलं.

"मी. रोज. जाऊन-येऊन."

"बाई, कॉलेजात जायला स्पोर्ट्स कार लागते?"

"कॉलेजात कोणत्या गाडीने जावं, याचा शासन निर्णय निघालाय का? निघाला असेल तर दाखवा. पाळते."

हवालदार खिडकीबाहेर बघू लागला. मला मात्र राग आला, आणि रागावलेल्या अधिकाऱ्याने तपास करू नये, हे मी इतरांना नेहमी सांगत असे.

गाडी खाली होती. दोनच माणसांची, जमिनीला चिकटलेली, बरीच जुनी पण लख्ख. पुढच्या बंपरखाली खरचटलं होतं. "हे काय?" म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "गतिरोधक." मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात." पंचनामा करून गाडी जप्त केली आणि बाईंना ठाण्यात बोलावलं.

चौकशीत त्यांनी एक शब्द फिरवला नाही. त्या त्याच रस्त्याने गेल्या होत्या. पोहोचल्या तेव्हा आजोबा पडलेले होते, गर्दी जमली होती. "मी थांबले. काच खाली करून विचारलं. एक जण म्हणाला, रुग्णवाहिका बोलावली आहे, तुमच्या या गाडीत माणूस आडवा मावणार आहे का, जा तुम्ही. मी गेले. उतरायला हवं होतं. तेवढा दोष माझा आहे, तो लिहून घ्या."

मी लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, बाई चांगल्या तयारीच्या आहेत.

बाहेर आजोबांचा मुलगा रोज येऊन बसायचा. "साहेब, माझा बाप डोळं उघडंना. त्या लाल गाडीवालीला सोडू नगा. पैशेवाल्यांचं समदं मिटतं हितं," असं म्हणायचा. पेपरात बातमी आली, 'स्पोर्ट्स कारने वृद्धाला उडवले'. कॉलेजने बाईंना निकाल लागेपर्यंत घरी बसायला सांगितलं. दोषारोपपत्र गेलं असतं तर तीस वर्षांच्या सरळ नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्या आरोपी म्हणून कोर्टात उभ्या राहिल्या असत्या. मी त्याच दिशेने निघालो होतो.

मला थांबवलं एका वहीने. गाडीच्या कप्प्यात सापडलेली, म्हणून मुद्देमालात आलेली. ती बाईंच्या यजमानांची होती. ते बांधकाम खात्यात होते. त्यांच्या घराण्यात चारचाकी चालवणारे ते पहिले. निवृत्तीनंतर त्यांनी ही गाडी जुनी, बंद पडलेली घेतली, स्वतः दुरुस्त केली आणि वर्षभर चालवून हृदयविकाराने गेले. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'गाडी दाखवायची नाही, वापरायची. रोज चालली तरच टिकेल.' पुढे नारायण पेठ ते वाघोली या रस्त्यातल्या तेवीस गतिरोधकांची यादी. प्रत्येकाची टेपने मोजलेली उंची आणि शेरा. कुठे 'ठीक', कुठे 'नियमबाह्य, अर्ज दिला', कुठे 'पुन्हा अर्ज दिला'. शेवटच्या, कॉलेजजवळच्या, म्हणजे अपघात झाला त्याच गतिरोधकापुढे लाल शाईत होतं, 'सरळ जाणे अशक्य. पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण तिरकी.'

यजमान गेल्यावर बाईंनी गाडी शिकून घेतली होती आणि वही पुढे चालू ठेवली होती. 'रस्त्यात बंद पडली' या मथळ्याखालचं पान सहा वर्षं कोरं होतं.

मी तो लाल शेरा दोनदा वाचला आणि टपरीवाल्याचा जबाब काढला. 'गतिरोधकावरून सरळ सुसाट आली.'

दुसऱ्याच दिवशी सकाळी पंच, बाई आणि गाडी यांना घेऊन आम्ही जागेवर गेलो. हवालदाराला म्हटलं, सरळ घाल. त्याने हळूच घातली. पुढची चाकं पार झाली, करकर आवाज झाला आणि गाडी पोट टेकून गतिरोधकावर बसली, चिखलात म्हैस बसावी तशी. ना पुढे, ना मागे. चौघांनी उचलून काढली.

टपरीवाला हसत होता. "साहेब, मॅडम अशा न्हाई जात."

"मग कशा जातात?"

"तिरप्या. मुंगीच्या पावलानं. रोजचंच हाय ते. त्यांची गाडी दिसली की मी दुधाचं दुसरं पातेलं ठेवतो, घड्याळ बघाय लागत न्हाई."

"मग त्या दिवशी सरळ कशी गेली?"

त्याचं हसू मावळलं. म्हणाला, "म्या आवाजानं वळलो साहेब. जाताना मागनं लाल दिसली. लाल म्हणलं की आपली मॅडमचीच, आसं डोक्यात बसलं, पर खात्री नव्हती म्हणून जबाबात नाव घेतलं न्हाई. फोनबी आमच्याच एका गिऱ्हाइकानं केला. त्यो तर नंतर आलावता, त्यानं मॅडमची गाडी गर्दीतनं हळूहळू जाताना बघितली आन् नंबर लिवून घेतला."

मुद्दाम खोटं कोणीच बोललं नव्हतं. घडलेल्या गोष्टीत जी वस्तू लक्षात राहण्यासारखी होती, तीच लोकांनी लक्षात ठेवली होती. आणि मीही तेच केलं होतं.

मी तिथेच बाईंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "असू द्या. एक करा. कोर्टातून सुटेपर्यंत गाडी तुमच्याकडेच राहणार ना? रोज दहा मिनिटं चालू ठेवा. उभी राहिली की ती बिघडते." मी शब्द दिला.

मग आम्ही पुढच्या चौकांतले कॅमेरे तपासले. आवाजासाठी सायलेन्सर बदललेली एक साधी लाल हॅचबॅक मिळाली. गॅरेजमध्ये उभी होती, पुढचा दिवा फुटलेला. चालवणारा आयटीतला नोकरदार होता, दोन मुलींचा बाप. फार विचारावं लागलंच नाही, खुर्चीत बसताच रडू लागला. "सर, मी पॅनिक झालो. मॉब मारेल असं वाटलं. एक-दोन दिवसांत स्वतःच येणार होतो, पण पेपरमध्ये स्पोर्ट्स कार वाचलं आणि वाटलं, सुटलो." माझ्या घाईने त्याला ती पळवाट काढून दिली होती, हे मला फार लागलं. त्याच आठवड्यात आजोबा शुद्धीवर आले. पुढे काठी घेऊन चालू लागले.

कोर्टाच्या आदेशाने, सुपुर्दनाम्यावर गाडी ताब्यात घ्यायला बाई आल्या, तो जप्तीनंतरचा सतरावा दिवस होता. त्यांनी किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. बारीक टकटक झाली आणि तीही थांबली. बंदोबस्त, बैठका, नव्या केसेस यांत मी एकदाही त्या गाडीकडे फिरकलो नव्हतो, कोणाला सांगितलंही नव्हतं.

बाई स्टिअरिंगवर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मी टोपी हवालदाराच्या हातात दिली आणि गाडी ढकलायला लागलो. मागोमाग तिघे शिपाई आले. आवाराच्या फाटकापर्यंत नेली तेव्हा इंजिन एकदाचं धडधडलं.

त्यांनी गाडी चालू ठेवली, नुकतीच परत मिळालेली वही काढली आणि ते कोरं पान उघडून पेनासह माझ्यापुढे धरलं. "सहा वर्षांत कुठे बंद पडली नाही. पडली ती पोलीस ठाण्यात. कारण तुम्हीच लिहा."

नोकरीत मी हजारो पानं लिहिली. पंचनामे, जबाब, अहवाल. साक्षीदाराने काय पाहिलं यापेक्षा त्याला काय पाहायची सवय आहे ते आधी विचारावं, हे मी त्या केसनंतर प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो. पण त्या फाटकात उभं राहून गाडीच्या टपावर वही ठेवून जे लिहिलं, तितकं खरं मी दुसरं काही लिहिलं नसेन. तारीख घातली आणि लिहिलं, 'गाडीचा दोष नाही. दिलेला शब्द मी पाळला नाही.' खाली सही केली, हुद्द्यासह.

बाईंनी वाचलं, वही मिटली. फाटकाशी आमच्याच ठाण्याचा गतिरोधक होता. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी पूर्ण तिरकी घातली.