मऊ ओठांसाठी गळ

तलावाच्या वाटेवर जाळी आणि गळ विकणारी आक्का गिऱ्हाइकाला आधी एकच विचारते, "मासा कोणता?" मी रोहू म्हणालो. तिने माझ्या हातातला जाडजूड गळ काढून घेतला आणि बारीक तारेचा, लहानसा गळ पुढे केला. त्याचं टोक तिने स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर टेकवलं. ते घसरलं नाही, तिथेच रुतलं.

"रोहूचे ओठ मऊ असतात, काका. जाड गळाने फाटतात आणि मासा सुटतो. हा घ्या. झटका द्यायचा नाही, हळूहळू ओढायचं. गुमान काठाला येतो."

समोरचा कुठे मऊ आहे हे नेमकं ठाऊक असलेला माणूस किती भयंकर असतो, हे मला तिथे उभ्या उभ्या जाणवलं. आपण त्याला प्रेमळ म्हणतो.

मुलगा घर सोडून निघाला तेव्हा मी आरडाओरडा केला होता. तो गेला, परत फिरकला नाही. त्यावरून मी शहाणा झालो. मुलीला बंगलोरची नोकरी लागली तेव्हा आवाज चढवला नाही. नुसतं म्हणालो, "जा गं तू खुशाल. माझं काय, दोन घास एकटा खाईन." तिने त्याच संध्याकाळी नकार कळवला.

"बारीकच द्या," मी आक्काला म्हणालो, "डझनभर."

बाहेर माझी चाळिशी उलटलेली लेक स्कूटरपाशी थांबली होती. मला बघून लगबगीने पुढे आली.

"बाबा, सावकाश. पायरी आहे."