तंबूचं उद्घाटन कसं करणार?

त्या वर्षी दिवाळीच्या आधी माझं कशातच लक्ष लागत नव्हतं. सकाळी मेडनहेडहून लंडनला, पॅडिंग्टनच्या ट्रेनमध्ये बसले की दर स्टेशनला मोबाइल काढायचा, बघायचा आणि पर्समध्ये टाकायचा, एवढाच उद्योग. माझी कॉलेजातली मैत्रीण राजस्थानच्या वाळवंटात मेंढपाळांच्या मुलींना झाडाखाली शिकवत होती. दिवाळी झाली की कळप चाऱ्याच्या शोधात निघणार, मुलीही जाणार, आणि थेट पावसाळ्याच्या तोंडावर परतणार.

"अगं, शाळाच त्यांच्याबरोबर चालायला हवी," ती फोनवर म्हणायची. "एक तंबू, सामानाला एक उंट आणि माझा पगार, बास. त्या दोघी बहिणी आहेत ना, त्यातल्या मोठीला आत्ता कुठे वाचता यायला लागलंय, आणि घरात लग्नाचं बोलणं चाललंय. मी बरोबर असले तर बापाला थोपवेन."

इथल्या आमच्या मराठी मंडळानं गणपतीत या शाळेसाठी वर्गणी काढली होती. बैठक भरली अध्यक्षांच्या घरामागच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीत, साबुदाण्याची खिचडी खात. अध्यक्ष हॉस्पिटलात कन्सल्टंट. अडीअडचणीला कुणाच्याही दारात उभे राहणारे. म्हणूनच त्यांच्यावर चिडायची पंचाईत व्हायची.

"अहो, तंबूचं उद्घाटन कसं करणार?" ते म्हणाले. "लोकांनी डोनेट केलंय, त्यांना काहीतरी सॉलिड दिसायला हवं ना. पक्की खोली बांधू. ख्रिसमसला आपण सगळे इंडियात असतोच, तेव्हा ओपनिंग करून टाकू."

"ख्रिसमसला तिथे मुलीच नसतात," मी म्हटलं.

"मग बांधकाम निवांत होईल की! तुमच्या मैत्रिणीला जरा लक्ष ठेवायला सांगा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोशिंबिरीचं भांडं इकडून तिकडे फिरलं आणि तेवढ्यात ठराव पासही झाला. विरोधात मी एकटी.

दिवाळीनंतर कळप निघाले. मैत्रीण सिमेंट आणि गवंडी सांभाळत मागे राहिली, कारण तिचा पगार आता त्या कामाशी बांधलेला होता. मी संध्याकाळी घरात टिकेना. थेम्सच्या काठानं बोटींसाठीच्या लॉकच्या दरवाजांपर्यंत जायचे, परत यायचे, कोट न काढताच पुन्हा बाहेर पडायचे. कळप कुठे पोचला असेल, याचा अंदाज बांधायला माझ्याकडे नकाशासुद्धा नव्हता.

संक्रांतीच्या कार्यक्रमात प्रोजेक्टरवर फोटो दाखवले. नवी खोली, रिबीन, अध्यक्ष, आणि निळ्या फ्रॉकमधल्या मुलींची रांग. टाळ्या पडल्या.

"या कोण?" मी विचारलं.

"जवळच्या गावातल्या शाळेतून आणल्या," अध्यक्ष मोकळेपणानं म्हणाले. "मोकळी खोली बरी नसती दिसली."

"या आपल्या मुली नाहीत," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच. मग कुणीतरी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी तो खाल्ला, पण गोड काही बोलले नाही.

कळप परतल्याचं कळलं तेव्हा इथे उन्हाळा होता. शेजारी बार्बेक्यू चालला होता आणि मी बागेत फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते.

"आल्या सगळ्या?"

"धाकटी आली," मैत्रीण म्हणाली.

"आणि मोठी?"

"वाटेतच लग्न लावून दिलं. तिची पाटी धाकटीनं परत आणून दिली. म्हणाली, मुक्काम पडला की ताई रोज मागच्या वाटेकडे बघत बसायची. बाई, तुम्ही याल म्हणून."

मला रडू आलं नाही, संताप आला. अध्यक्षांचा, त्या खोलीचा, आमच्या सुट्ट्यांचा. मी फोन ठेवला आणि सपाता बदलायचंही न सुचता अध्यक्षांच्या घराकडे चालू लागले. धाकटी दिवाळीनंतर पुन्हा निघणार होती, आणि या वेळी तंबू तिच्याबरोबर निघायला हवा होता.