कावीळ उतरवायला गेले तेव्हा

वयाच्या बत्तिशीत मी फार हुशार होते. ती हुशारी पुढे कुठे सांडली कोण जाणे, पण सांडली ते बरं झालं. नवऱ्याला हैदराबादेत कॉम्प्युटरची नोकरी लागली, पुणं सोडून आम्ही अंबरपेठेत आलो, घरात फोन आला, केबल आली आणि बाईसाहेबांना वाटायला लागलं, आपल्याला सगळं कळतं.

नणंद आणि तिचे यजमान वर्षभरात गेले, तेव्हा त्यांची सात वर्षांची मुलगी आमच्याकडे आली. आईबापांचा एचआयव्ही तिच्याही रक्तात होता. आम्हा नवराबायकोशिवाय हे कुणाला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी तिचे डोळे पिवळे दिसले. दवाखान्यात नेलं तर रक्त तपासतील, मग सगळं बाहेर पडेल, मग वरच्या मजल्यावरच्या काकूंना कळेल! माझी अक्कल तिथवरच धावली. शेजारीण म्हणाली, अफझलगंजला एक चाचा कावीळ उतरवतात. कावीळ लागते म्हणून मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीलाही सोबत नेलं. एका रिक्षात दोघींचं काम.

चाचांनी दंडावर ब्लेडने बारीक चीर दिली आणि पाल्याचा रस चोळला. "नक्को डरो अम्मा, दो दिन में उतर जाती." ब्लेड फडक्याला पुसली आणि दुसरीलाही तीच. मी शेजारी उभी राहून मान डोलावत होते.

दोन दिवसांत भाची ओकायला लागली. तेव्हा कुठे कोठी भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या नांदेडकडच्या. दारं लावून मी सगळं सांगितलं, ब्लेडचंही. त्यांचा पेन थांबला.

"ओ ताई, पहिली कोण होती?"

मला आठवेना. खरंच आठवेना.

"दीदी पहिली," भाचीच बोलली. "मी मागेच उभी राहते ना मामी. आंघोळ पण मागून, नखं पण मागून."

घरात तो नियम मीच केला होता. खोलीत कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, तरी मी पदर सारखा केला.

डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या आधीही त्या ब्लेडने किती जणांना चिरलं असेल, देव जाणे." रिपोर्ट आले. भाचीला हिपॅटायटिस बी होता, बहुधा जन्मापासून, आईकडून आलेला. आम्ही तिघं तूर्त स्वच्छ. पण 'तूर्त'. लेकीचं रक्त सहा महिने दोन्ही आजारांसाठी पुन्हा पुन्हा बघायचं. तिला आणि आम्हा दोघांना हिपॅटायटिसची लस, तीन डोस.

ते सहा महिने मी रोज सकाळी लेकीची पापणी खाली ओढून बघायचे. ती वैतागायची, "आई, मी बाजारातली म्हैस आहे का?" तिला जरा ताप आला की मी थर्मामीटर घेऊन रात्रभर उशाशी बसायचे. नवऱ्याला मी म्हटलं, मीच पोरीला मारलं. तो पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहीत राहिला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटच्या डोसाच्या दिवशी शेवटचा रिपोर्ट आला. लेक दोन्हींतून सुटली होती. मी दवाखान्यातच भोकाड पसरलं. कंपाउंडर पाणी घेऊन धावला.

भाची बाकावर फ्रॉकची बाही वर करून बसली होती. तीनही वेळा ती अशीच बसली असणार, माझंच लक्ष नव्हतं.

"मामी, मेरी बारी कब आती?"

तिच्यासाठी ती लस नव्हती. जो आजार टाळायचा, तो तिला आधीच होता. मी तिची बाही खाली केली. बटण लागेना.

"डॉक्टर, हिचं काय?" सहा महिन्यांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला.

"बघत राहायचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन्ही आजार एकत्र असले की लिव्हरचा भरवसा नसतो."

परतताना रिक्षात मी तिला मध्ये बसवलं आणि सारखे तिचे डोळे बघत राहिले. उन्हात मला ते पुन्हा पिवळे वाटत होते.