आराम नाही

दर दुसऱ्या शनिवारी मी रायपूरहून सकाळची गाडी धरून नागपूरला आईकडे जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. निघताना आई न चुकता म्हणायची, "पोट्टीले मराठी शिकव वं." मी मान डोलवायचे. नवा रायपूरचं ऑफिस, तिथवर जायची मारामार, घरचं सगळं. शिकवायला वेळ कुणाला होता? मुलीला मराठी समजायचं, उत्तर मात्र हिंदीत.

त्या शुक्रवारी मी पोळ्या करत होते, म्हणून आईचा फोन मुलीने घेतला. काय म्हणाली आजी, असं विचारलं तर म्हणाली, "नानी को बहुत काम है, फुरसत ही नहीं मिलती." कुरड्यांचे दिवस होते. मला हसूच आलं. बसली असेल चीक शिजवत, बाईला स्वस्थता म्हणून नाही. उलट फोन करायचा राहून गेला. मीही दमले होते. पुढच्या शनिवारी जाऊ म्हणून तिकीट रद्द केलं आणि दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत लोळत पडले.

रविवारी सकाळी शेजारच्या काकूंनी कळवलं, आई गेली.

मी पोचले तेव्हा काकू म्हणाल्या, "काल काहून नाही आली तू? चार दिवसांपासून ताप होता. मी तुले फोन करतो म्हटलं, तर म्हणे, शनिवारी येतेच ते. तरी माह्यासमोर नातीले सांगतलं, आईले सांग, मले आराम नाही."

आमच्याकडे आराम पडला म्हणजे बरं वाटलं. माझ्या मुलीला आराम म्हणजे विश्रांती. तिने आपल्या समजुतीने भाषांतर केलं होतं. तिचा काय दोष? तिला हिंदीत वाढवलं मी.

तिला हे सांगितलेलं नाही. त्या शनिवारी गाडी मागेच कुठेतरी अडकून फार लेट होती, म्हणून निघाले नाही, एवढंच सांगून ठेवलंय. आईचं घर रिकामं करायला आता तिलाही नेते. परवा डोंगरगडच्या अलीकडे गाडी तासभर उभी राहिली. ती वैतागून म्हणाली, "मम्मी, उस दिन भी ऐसे ही रुकी थी ना? नहीं तो आप नानी से मिल लेतीं."

मी "हव" म्हटलं. त्या शनिवारची गाडी नागपूरला अगदी वेळेवर पोचली होती. मोबाइलवर मी ते कितीदा तरी बघितलंय.