गेऱ्याविना धुंड

तव्यावरची भाकरी उलटायला सुखीबाईने हात पुढे केला आणि दार वाजलं. हात तसाच राहिला. बंजाऱ्यांच्या तांड्यात दार कोणी वाजवत नाही. बाहेरून हाक देतात, नाहीतर सरळ चुलीपाशी येऊन बसतात. दार वाजवणारा एकतर परका, नाहीतर लाजलेला.

दारात धावजी उभे होते. तांड्याचे नायक, नात्याने तिचे चुलत दीर.

"या ना भाऊजी. चहा मांडते."

"बसत नाई, वयनी." ते चपलेकडे बघत राहिले. "औंदा धुंड नाई होत."

धुंड होळीच्या दुसऱ्या दिवशी असते. त्या वर्षात जन्मलेल्या बाळाला मांडीवर घेऊन बसतात, वर दोन गेऱ्ये आडवी काठी धरतात, आणि तिच्यावर काठ्या वाजवत, गात, बाकीचे त्याला तांड्यात घेतात. तोवर पोर घरचं. त्या दिवसापासून तांड्याचं. गेऱ्ये म्हणजे बिनलग्नाचे तरणे पोट्टे. एके काळी कोणाला गेऱ्या करायचं यावरून भांडणं व्हायची आणि नायकाला ती मिटवावी लागायची. आता पोट्टे पुण्याकडच्या कंपन्यांत गेले, शिकलेल्या पोरी नोकरदारांच्या घरी गेल्या. उरला लखीराम. चाळिशीला टेकला, तरी दर होळीला केस काळे करून काठी तोच धरायचा, कारण त्याला कोणी मुलगीच दिली नव्हती.

"लखीराम चाकणले चालला, आजच्या जीपनं," धावजी म्हणाले. "दुसरा पलीकडच्या तांड्यातून मागून आणतो. पन एक तरी आपला लागते ना."

औंदा तांड्याचा पाळणा एकच हलला होता, तोही इथे नाही. सुखीबाईचा नातू चाकणला जन्मला. तिने त्याला फक्त मोबाइलात पाहिलं होतं. सून राखीने एकावरच ऑपरेशन करून घेतलं, ते सुखीबाईने मानून घेतलं. त्यांची खोली तिने बाळ व्हायच्या आधी पाहिली होती. पाळणा टांगायचा तर गॅसची शेगडी हलवावी लागे.

धावजी गेल्यावर तिने रोशनला फोन लावला. सगळं ऐकून लेक म्हणाला, "याडी, धुंडच नाई तर एवढ्या उन्हात लेकराले कायले आणू? दिवाळीत पाहू."

आईला याडी म्हणणारा तो तिचा एकुलता एक. मागच्या दिवाळीतही तो 'पाहू'च म्हणाला होता.

"लखीरामले तिकडं कोनं बोलावलं रे?"

"मीच. गार्डची जागा होती. तोच मागं लागला होता माह्या. सोमवारी, होळीच्या आधीच, हजर नाई झाला तर जागा जाईन त्याची. मले काय माहीत, याडी, तिकडं तो एकलाच उरला म्हनून."

भाकरी जळून कोळसा झाली होती. तवा तसाच सोडून ती निघाली.

लखीराम ओट्यावर बॅगेची चेन ओढत होता. केसांचा रंग कानाच्या पाळीवर उतरला होता.

"काकी, शिदोरी आणली का मले?"

"नाई. काठी धर म्हनाले आली."

तो हसला, पण चेन ओढायची थांबला नाही. "माह्यासंगचे गेऱ्ये आता पोरीले स्थळ पाहून राह्यले. मागच्या होळीले बाया काय म्हने? गेऱ्याले आधी कवळी बसवून आना. मी बी हसलो. किती हसू सांग."

त्या बायांमध्ये सुखीबाईही होती. पदर तोंडाशी धरून हसली होती.

"वर्षभर तिकडं नोकरी केली तर कोनी पोरगी दाखवीन तरी," तो म्हणाला. "इथं मले कोन पुसते?"

त्याचं खरं होतं. रोशनचं खरं होतं, राखीचंही. सगळ्यांचं खरं होता होता तांडा मोकळा झाला होता, आणि तिची मांडी रिकामी राहिली होती.

सडकेवर ढाणकीच्या जीपचा हॉर्न वाजला. लखीरामने बॅग उचलली. सुखीबाईने तिचा पट्टा धरला. सोमवारची गोष्ट तिला ठाऊक होती, तरी धरला.

"लखीराम, मी तुले जनमभर थांब नाई म्हनत. होळीलोक थांब. मले नातवाले एकडाव मांडीवर घेऊ दे."