म्हणे, पाइपचा धूर आत घेत नाहीत!

मंडळी, डोकं असं तापलंय की इथे लिहिल्याशिवाय थंड होणार नाही.

लेकीचा खोकला महिनाभर हटत नाहीये, म्हणून सकाळी तिला जयनगरला डॉक्टरांकडे नेलं. सासरेही सोबत आले. छाती तपासून डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणी स्मोक करतं का?"

मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "छे छे! कुणीच नाही."

मी बघतच राहिले. रोज कॉफी झाली की पाइप भरून काचा लावलेल्या बाल्कनीत बसणारा माणूस हा! आणि तिथेच लेकीचं अभ्यासाचं टेबल. शेवटी मीच डॉक्टरांना खरं सांगितलं.

परतताना रिक्षात मलाच शिकवणी. "अगं, सिगरेटवाले धूर छातीत ओढतात. पाइपचा धूर नुसता तोंडात घोळवायचा, चव घ्यायची आणि सोडून द्यायचा. मी जन्मात कधी आत घेतला नाही."

"पण बाबा, तुम्ही सोडता तो जातो कुठे?"

सासरे बाहेर बघत बसले.

संध्याकाळी नवरा म्हणतो, "स्वल्प अ‍ॅडजस्ट कर ना, वय झालंय त्यांचं." कुणी अ‍ॅडजस्ट करायचं? आठ वर्षांच्या पोरीच्या फुप्फुसांनी?

तुमच्या घरी मोठ्यांना हे कुणी सांगितलं? कसं सांगितलं? खरंच विचारतेय. कारण मी हे लिहितेय आणि बाल्कनीतून तोच गोडसर वास येतोय.

सासरे धूर आत घेत नाहीत, मान्य. टेबलापाशी लेक खोकतेय. ती घेते.