क्लिफ आर्मिटेजने परत मागितलेली सही

उत्तर इंग्लंडातल्या बार्न्सली ते वॉम्बवेल या रस्त्यावर क्लिफ आर्मिटेज चोवीस वर्षं बस चालवत होता, तिकिटंही तोच देत होता, आणि चोवीस वर्षं प्रत्येक तिकिटाबरोबर एक शब्द फुकट देत होता. 'लव्ह'. "वॉम्बवेल ना, लव्ह?" "पायरी ओली आहे, लव्ह, जपून." बाईला म्हणायचा आणि बुवालाही म्हणायचा. खाणीतून निवृत्त झालेला, बैलासारख्या मानेचा गडी चढला तरी "ये, लव्ह" म्हणायचा, आणि तो गडीही "बरं आहे ना, लव्ह?" असं गुरगुरून मागे जाऊन बसायचा. त्यात कुणाला काही गोड वाटत नसे आणि कडूही वाटत नसे. आपल्याकडे "ये रे बाबा" म्हटलं तर कुणी त्या बाबाला बाप समजून भांडायला येतं का? तशातला प्रकार.

घरात मात्र हा शब्द नव्हता. त्याची बायको जीन एकदा बटाटे सोलता सोलता चिडली होती. "कोळसेवाला लव्ह, खाटीक लव्ह, आणि मी नुसती जीन?"

"त्यांची नावं मला कुठे माहीत आहेत? तुझं माहीत आहे."

जीनने हातातला बटाटा फेकून मारला आणि मग दोघं हसत बसली. तिला जाऊन आता चार वर्षं झाली होती. घरात एक कप विसळायचा, एक ताटली विसळायची, रेडिओ लावायचा. रविवार सुट्टीचा गेला की सोमवारी पहिल्या प्रवाशाशी बोलताना क्लिफचा आवाज घशातच अडकायचा, दोनदा खाकरावं लागायचं. दिवसभराचं बोलणं काय ते ड्रायव्हरच्या सीटवर. ती सीट गेली तर त्याचं काय उरणार होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एका गुरुवारी डेपोचे नवे मॅनेजर ब्रिंडली यांनी त्याला आत बोलावलं. ब्रिंडली दक्षिणेकडचे. येऊन तीन महिने झालेले.

"तुमच्याबद्दल तक्रार आहे, आर्मिटेज."

"बस उशिरा गेली?"

"बस वेळेवर होती. तुम्ही एका गृहस्थांना सगळ्यांसमोर लव्ह म्हणालात."

"म्हणालो असेन. मग?"

"मग काय? पुरुषाला? त्याचा अर्थ काय होतो, माहीत आहे ना?"

"कुठे, साहेब? इथे, की तुमच्याकडे?"

ब्रिंडलींना ते आवडलं नाही. त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. प्रवाशांना 'सर' किंवा 'मॅडम' म्हणावं, दुसरं काही म्हणू नये, खाली सही. सही न करणाऱ्याने मागच्या अंगणात बस धुवायच्या. तिथे प्रवासी नाहीत, म्हणजे तक्रारही नाही. कागदावर जगणाऱ्या माणसांचं हे असंच असतं. शब्द कोण कुणाला म्हणतंय, कसल्या चेहऱ्याने म्हणतंय, हे बघायला बसमध्ये चढावं लागतं, आणि हे येतात मोटारीने.

युनियनचा डेस पॉगसन चहाच्या टपरीशी भेटला. क्लिफला वाटलं, हा तरी टेबलावर मूठ आपटेल.

"करून टाक की सही," डेस म्हणाला. "सगळ्यांनी केली. मीही केली."

"तू?"

"एका शब्दासाठी संप करू? लोक हसतील, लव्ह." मग त्याने जीभ चावली आणि इकडेतिकडे पाहिलं.

क्लिफच्या डोळ्यांपुढे ते अंगण आलं. पाणी, ब्रश आणि रिकाम्या बस. त्याने सही केली.

शुक्रवारी सकाळी काठी टेकत येणारी म्हातारी चढली. नऊ वर्षं ती याच बसने बाजाराला जात होती. तिचं नाव क्लिफला माहीत नव्हतं, कधी लागलंच नव्हतं.

"गुड मॉर्निंग, मॅडम."

म्हातारी थबकली. "कुणाला म्हणालास रे?"

"तुम्हालाच."

"मॅडम? मी काय केलं तुझं? परवा सुटे पैसे नव्हते, त्याचा राग धरलास होय?"

"नाही हो, तसं काही..." जो एक शब्द बोलून सगळं मिटलं असतं, तो सही करून दिलेला.

पुढच्या स्टॉपवर तो बैलासारख्या मानेचा गडी चढला. "सर? चौकशी लावलीय का माझ्यामागे? काय झालंय तुला?"

"कंपनीचा नियम आहे."

"मग मीही नियमानेच बसतो," असं म्हणून तो गेला तो खिडकीबाहेर तोंड करून बसला. तक्रार करणारे गृहस्थ तेवढे 'सर' ऐकून मान हलवायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे.

दोन आठवड्यांत बस मुकी झाली. काठीवाली म्हातारी पैसे मोजून ठेवायची, वर बघायची नाही. क्लिफला आधी वाटलं होतं, शब्द गेला तरी सीट राहील. सीट राहिली. तिच्यावर बसून तो दिवसभर 'सर, मॅडम, सर' करायचा आणि संध्याकाळी घरी जाताना घशात तेच सोमवारचं खरखरणं असायचं.

तिसऱ्या सोमवारी तो ब्रिंडलींच्या टेबलासमोर उभा राहिला.

"माझी सही परत द्या."

"सही परत मिळत नसते, आर्मिटेज."

"मग तिच्यावर काट मारा. तो शब्द माझा नव्हताच. गावाचा आहे. गावाचा माल मी कसा लिहून दिला, तेच मला कळत नाही."

"एका शब्दासाठी तुम्ही पाणी मारत बसणार? तिथे बोलायला कुणी नाही."

"ठाऊक आहे."

"शहाणपण नाही हे."

"नसेल," क्लिफ म्हणाला आणि गणवेशाची टोपी टेबलावर ठेवली.

अंगण त्याला वाटलं होतं तसंच निघालं. बस आत घ्यायची, ब्रश फिरवायचे, काचा पुसायच्या, बाहेर काढायची. रिकाम्या सीटांमधून चालताना कुठे हातमोजा सापडायचा, कुठे चॉकलेटचा कागद. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तो कुणाशीच बोलला नाही. शब्द सोडवून आणला होता खरा, पण तो ठेवायचा कुठे? बसला तर कुणी लव्ह म्हणत नाही.

सुट्टी झाल्यावर तो त्याच रस्त्याच्या बसमध्ये प्रवासी म्हणून चढला. चालवायला तरुण हॅरॉप होता, क्लिफनेच शिकवलेला. "सर," असं पुटपुटत त्याने तिकीट दिलं आणि मान खाली घातली. काठीवाली म्हातारी पुढच्याच सीटवर होती. तिने क्लिफचे भिजलेले बूट पाहिले, त्याच्याकडे पाहिलं. मग पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी केली. तो बसला.

आपल्या स्टॉपवर उतरताना क्लिफ दारात थांबला.

"थँक्यू, लव्ह," तो हॅरॉपला म्हणाला. जरा मोठ्यानेच.

हॅरॉपने आधी आरशात पाहिलं, मागे कोण कोण बसलंय ते. मग ओठ न हलवता नुसती मान हलवली आणि दार लावून घेतलं.